खांब आणि शेपूट

धक्का तसा लहानच होता. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उकिडवा बसून तो दोर तपासत होता, सहावा मजला पायाखाली, सातवा नाकासमोर. ब्रेक लागला, डबा बोटभर खाली बसला आणि थांबला. असला धक्का त्याला दिवसातून वीसदा बसायचा. तेवीस वर्षं लिफ्टा तपासून दाखल्यांवर सह्या करणाऱ्या माणसाला त्याचं काय! पण नेमका त्याच वेळी खिशातला फोन थरथरला. विजेरी दातांत धरून त्यानं तो काढला, आणि रविवारी मिळून भटकणाऱ्यांच्या ग्रुपवर चष्मेवालीच्या मोटरसायकलचा फोटो दिसला. निळी टाकी, तिच्यावरचा ओरखडा, मागे तिच्या चष्म्यांच्या दुकानाचं अर्ध्यावर आलेलं शटर. खाली तीन शब्द: विकायची आहे. कळवा. आणि त्याच्या खाली, आठवण झाल्यासारखं, रविवारी येते आहे, यानंतर जमणार नाही. त्या काळोख्या, वंगणाचा वास मारणाऱ्या विहिरीत तो किती वेळ तसाच बसून राहिला कोण जाणे. सातव्या मजल्यावरच्या एका बाईनं दार ठोठावून विचारलं, "अहो, आत कोणी आहे का, की ही नेहमीसारखीच बंद पडलीय?" तेव्हा तो "आहे, आहे" म्हणाला, आणि विजेरी दातांतून सुटून खाली खड्ड्यात जाऊन पडली.

आठवडाभर सरळ वर आणि सरळ खाली जाणाऱ्या माणसाला रविवारी वळणं लागतात, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची आणि वर हसायची. ग्रुपमध्ये सगळे मिळून बाराजण. पोरंटोरं कोणी नाही, सगळे चाळिशी उलटलेले, गाडीवरून उतरताना 'आई गं' म्हणणारे. पुढे कप्तान, जो एरवी तलावावर लोकांना पोहायला शिकवतो आणि शिट्टी गळ्यात विसरून घाटात येतो. सगळ्यांच्या मागे हा. म्हणून त्याचं नाव शेपूट पडलं, आणि त्यालाही ते आवडायचं. नियम सोपा होता. फाटा आला की कप्तानच्या लगेच मागे जो असेल त्यानं तिथं थांबायचं आणि मागच्यांना रस्ता दाखवायचा. त्याला म्हणायचं खांब. सगळे जाईपर्यंत खांबानं उभं राहायचं, शेवटी नारिंगी बंडी घातलेलं शेपूट आलं की सुटायचं आणि शेपटाच्या पुढून निघायचं. शेपूट कोणाला ओलांडत नाही आणि कोणाला मागे सोडत नाही. वर फोनला रेंज नाही, त्यामुळे ही बंडी म्हणजेच सगळा भरवसा. पाच वर्षांपूर्वी एक खांब भूक लागली म्हणून फाटा सोडून निघून गेला होता, आणि हा तीन तास दरीत डोकावत, हाका मारत फिरला होता. वर पोचला तर तो गृहस्थ उकडलेली अंडी सोलत बसलेला. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा याचा आवाज चढला. "खांबानं हलायचं नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बंडी दिसेपर्यंत हलायचं नाही. मग काय वाटेल ते होवो." चष्मेवालीनं तेवढी मान हलवली होती.

या डोंगरावर ते वर्षातून दोनदा यायचे. चहाच्या टपरीनंतर पहिला फाटा लागायचा, आणि त्या फाट्यापासून वरच्या खिंडीपर्यंत एकोणीस किलोमीटर, मध्ये दुसरा फाटा नाही, वस्ती नाही. टपरीवरून निघताना जो कप्तानच्या मागे असेल तो त्या फाट्याचा खांब. पहिल्या वर्षी चष्मेवाली तिथं खांब होती, तो योगायोग. दुसऱ्या वर्षीही होती, तोही योगायोगच म्हणू. तिसऱ्या वर्षी त्यानं पाहिलं, की अर्धा चहा तसाच ठेवून ती उठली, हातमोजे चढवले आणि कप्तानच्या चाकाला चाक लावून उभी राहिली. तेव्हा हा योगायोग नाही हे त्याला कळलं, आणि ते मग कधी डोक्यातून गेलंच नाही. बाकीचे दहाजण तोवर पुढे निघून गेलेले असायचे. एकोणीस किलोमीटर ती पुढे, तो मागे, मध्ये तीसेक पावलं. चाळीस मिनिटं. बोलणं शक्य नव्हतंच. रस्त्यावर खडी असली की ती डावा पाय बाहेर काढून दाखवायची, सगळेच दाखवतात, ती रीतच आहे. पण एकदा, चौथ्या वर्षी असेल, तिनं पायानं नाही, हातानं दाखवलं. त्यानं घाबरून ब्रेक दाबला. खड्डा नव्हता, दगड नव्हता. दरीवर एक घार पंख न हलवता उभी होती, आणि ती त्याला घार दाखवत होती. वर पोचल्यावर दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सात वर्षांत चौदा वेळा चाळीस मिनिटं. एवढ्याशा गोष्टीवर माणूस कसा जगतो, याची त्याला स्वतःलाच लाज वाटायची. तिची पाठ त्याला आपल्या तळहातापेक्षा जास्त पाठ होती: जाकिटाचा उजव्या खांद्यावर विरलेला रंग, डावीकडे वळताना किंचित उचलला जाणारा कोपर, चढणीला मान पुढे घालायची सवय. तिच्या चेहऱ्याचं विचाराल तर त्याला नीट आठवायचा नाही. टपरीवर इतक्या लोकांत तो तिच्याकडे बघायचंच टाळायचा.

यात पाप काय होतं? काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते कोणाला सांगता येत नव्हतं. बायकोला सांगायचं तरी काय, की मी वर्षातून दोनदा एका बाईच्या मागून गाडी चालवतो? ते तिला माहीत होतंच. एकदा ती चष्म्यासाठी त्याच दुकानात जाऊन आली होती. आल्यावर आरशासमोर उभी राहून म्हणाली, "तुमची ती चष्मेवाली भली बाई आहे हो. तीन फ्रेमा परत ठेवायला लावल्या मला. म्हणाली, तुमचं नाक नाजूक आहे, ओझं कशाला देता त्याला. पंचवीस वर्षांत तुम्ही कधी बघितलंत का माझं नाक?" त्यानं बघितलं. खरंच नाजूक होतं. त्या रात्रीपासून बायको तो चष्मा घालून वर्तमानपत्र वाचायची, आणि तो समोर बसून त्या काचांकडे बघायचा. बायकोवर त्याची माया होती, यात खोट नव्हती. पण माया घरात असते, रोज हाताशी असते. ते दुसरं जे काही होतं ते हाताशी कधीच येणार नव्हतं आणि तरी हवंच होतं. बुधवारी कुठल्यातरी इमारतीच्या पाचव्या मजल्यावर नोंदवहीत सही करताना ते अचानक उफाळून यायचं, आणि सही वाकडी व्हायची. रविवारी पहाटे बायकोनं डबा दिला, कॉलर नीट केली आणि नेहमीचा विनोद केला, "या शेपूट हलवून." मग जरा थांबून म्हणाली, "चेहरा का असा? कोणी मेलंय का?" तो म्हणाला, "छे, झोप नीट झाली नाही." ते खरंही होतं.

टपरीवर चष्मेवाली स्वतःच सगळ्यांना सांगत होती. वडील आता घराबाहेर पडले की घर विसरतात. परवा एका अनोळखी माणसाच्या ओट्यावर जाऊन बसले आणि जेवायला मागितलं. त्या भल्या माणसानं वाढलंही. भावाच्या गावी मोठं अंगण आहे, कुंपण आहे, वहिनी सांभाळून घेणारी आहे. दुकान विकलं, पुढच्या आठवड्यात निघायचं. "गाव कसं आहे?" कप्तानानं विचारलं. "सपाट," ती म्हणाली, "खिडकीतून बघितलं तर थेट उद्यापर्यंत दिसतं." सगळे हसले. शेपटाला हसू आलं नाही. त्यानं कप तोंडाला लावला तर तो रिकामा होता. तिनं अर्धा चहा ठेवला, उठली, मोजे चढवले आणि कप्तानच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याच्या जिवात जीव आला. आणखी एकदा. निदान आणखी एकदा चाळीस मिनिटं. हळूहळू चालवेन, असं तो मनाशी म्हणत होता, खड्डे चुकवत, जितकं हळू जाता येईल तितकं. पंचेचाळीस होतील, पन्नास होतील. नारिंगी बंडीचे बंद त्यानं दोनदा बांधले.

आणि टपरीपासून दोन किलोमीटरवर बेकरीवाल्याची गाडी बंद पडली. बेकरीवाला ग्रुपमध्ये नवा, गाडीही नवी, भारी, त्याच्यासारखीच रुंद. "क्लचच्या तारेनं जीव सोडला," पाना म्हणाला. पाना म्हणजे गॅरेजवाला. तो सुदैवानं बेकरीवाल्याच्या पुढेच होता आणि आरशात बघून मागे वळला होता. त्यानं रस्त्याकडेला पोत्यावर हत्यारं मांडली आणि तोंडानं शीळ घालत कामाला लागला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेपूट उभा. बेकरीवाला दर दोन मिनिटांनी "माझ्यामुळे खोळंबा झाला हो" म्हणत होता, आणि शेपूट दर वेळी "छे छे, चालायचंच" म्हणत होता आणि मनातल्या मनात त्या माणसाला, त्याच्या बेकरीला, बेकरीतल्या प्रत्येक पावाला शिव्या घालत होता. वर फाट्यावर ती एकटी उभी असेल. सगळे केव्हाच गेले असतील. वीस मिनिटं झाली. तारेऐवजी सायकलची तार लावून बघू, पाना म्हणाला, जमेल, पण वेळ लागेल. पंचवीस मिनिटं. आणि मग सात वर्षांत ज्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं ते शेपटाच्या डोक्यात आलं. त्यानं बंडीचे बंद सोडले आणि ती पानाच्या खांद्यावर टाकली. "आजच्या दिवस तू शेपूट हो. मी वर जाऊन सांगतो, उशीर होतोय म्हणून." पानानं मान वर केली. "तू? तू पुढे जाणार?" "हो." पाना त्याच्याकडे जरा बघत राहिला, मग म्हणाला, "जा बाबा. तुला पुढे जाताना बघायचं राहिलंच होतं."

तो गेला तो कसा गेला! बंडीशिवाय छातीला वारा लागत होता, आणि आपण हलके झालोय, वीस वर्षांनी लहान झालोय असं त्याला वाटत होतं. वळणं समोर यायची, तो गाडी कलती करायचा, रस्ता टाकीखालून निघून जायचा. आपण कोणाच्या तरी मागे नाही, कोणाकडे तरी चाललोय, हे त्याला इतकं नवं होतं की हेल्मेटच्या आत तो मोठ्यानं काहीतरी बोलत होता, काय ते त्यालाही कळलं नसतं. फाटा आला. निळी टाकी. ती मैलाच्या दगडावर बसली होती. त्याला बघून उठली, हेल्मेट उचललं, गाडीकडे दोन पावलं टाकली आणि थबकली. त्याच्या छातीकडे बघितलं. मग त्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. "बंडी?" ती म्हणाली.

तोपर्यंत, खरं सांगायचं तर तोपर्यंत त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं, बेकरीवाला, तार, पाना. ती ऐकत होती. "म्हणजे बंडी खालीच आहे," ती म्हणाली, "म्हणजे मी सुटले नाही." तो म्हणाला, "पानाला रस्ता माहीत आहे हो. आपण निघू." पण म्हणतानाच त्याला कळत होतं. फाट्यावर खांब दिसला नाही तर पाना काय करेल? खांब पडला म्हणून दरी शोधत बसेल, तुटक्या तारेची गाडी आणि तो घामाघूम बेकरीवाला बरोबर घेऊन. हेच तर यानं सगळ्यांना शिकवलं होतं. तिनं हेल्मेट परत आरशाला अडकवलं. "सात वर्षांत तुम्ही कधी घाई केली नाहीत," ती म्हणाली. "आजच केलीत." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग ते दोघं तिथं उभे राहिले. पहिल्यांदाच असे समोरासमोर, गाड्या बंद, कोणी नाही, आणि बोलायला हवा तेवढा वेळ. त्याला वाटायचं, अशी वेळ आली तर शब्दांना पूर येईल. आणि तो म्हणाला काय, तर "मनगट कसं आहे तुमचं?" मागे कधीतरी तिचं मनगट दुखत होतं. ती म्हणाली, "बरं आहे." मग तिनं त्याच्या बायकोच्या चष्म्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "उत्तम. नाकावर वळ उठत नाहीत." दोघंही हसले आणि ते हसू लगेच विरून गेलं. खालच्या दरीतून पाण्याचा बारीक आवाज येत होता. तो दगडावर बसला, ती उभी राहिली. मग ती बसली, तो उभा राहिला. एकाच वेळी दोघांनी बसायला दगड पुरेसा रुंद होता, पण तसं काही घडलं नाही. उभं राहिल्यावर त्याला खालचा रस्ता दिसला. टपरीच्या छपरापासून फाट्यापर्यंतचा, तुकड्यातुकड्यानं सगळा. एक वळण झाडांत जायचं, दुसरं बाहेर यायचं. "इथून सगळं दिसतं," तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो नेहमी खालून यायचा आणि तीस सेकंदांत निघायचा. "सात ठिकाणी दिसतं," ती म्हणाली. "टपरीच्या कोपऱ्यावर एकदा, मग त्या पांढऱ्या कठड्याशी, मग त्या तीन झाडांच्या मध्ये. आज तुम्ही नारिंगी नव्हतात, म्हणून मी ओळखलंच नाही. म्हटलं, हा कोण सुसाट येतोय." त्यानं पुन्हा खालच्या रस्त्याकडे बघितलं. चौदा वेळा तो ज्या रस्त्यावरून गुणगुणत, टाकी थोपटत, एकटाच आहोत असं समजून आला होता, तो सगळा रस्ता ती बघत होती. त्याची चाळीस मिनिटं होती. तिची, वाट बघणं धरून, एका तासावर होती.

"मी हे एकोणीस किलोमीटर," तो म्हणाला आणि थांबला. "वर्षभर पुरवून खातो. असं काहीतरी." ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "माहीत आहे. मला मागे आरसा आहे." मग वळून म्हणाली, "तुमच्या घरी बरं चाललंय. माझे बाबा आहेत. मला यातलं काही बदलायचं नव्हतं हो. मला फक्त आज एकदा जायचं होतं." "मलाही तेवढंच," तो म्हणाला. एवढंच बोलणं झालं. त्याला पुढे कितीतरी वर्षं पुरेल इतकं, आणि एका दुपारलाही पुरणार नाही इतकं.

पांढऱ्या कठड्याशी नारिंगी ठिपका दिसला. तिनंच आधी पाहिला. बेकरीवाला घामानं निथळत आला, मागून पाना. पानानं गाडी उभी करताच बंडी काढली. "घे तुझी, काखेत काचते मला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सायकलची तार आहे रे, चढणीला सुटू शकते. मध्येच बंद पडला तर हा हत्ती मला एकट्याला ढकलवणार नाही, म्हणून आपण दोघं याच्या लगेच मागे हवेत, खांबाला आज पुढे जाऊ दे. पण तुला पुढे राहायचं असेल तर राहा, बघू काय ते." बंडी दोघांच्या मध्ये लोंबत होती. नाही म्हटलं असतं तर? पानाच शेपूट राहिला असता, बेकरीवाला त्याच्या पुढे, आणि हा थेट तिच्या मागे, तीस पावलांवर, शेवटची चाळीस मिनिटं. नियमात बसत होतं. कोणी ब्र काढला नसता. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती, मुद्दाम त्याच्याकडे न बघता, त्याला मोकळं सोडून. आयुष्यात काही मागावं असं त्याला क्वचित वाटलं होतं. आता मात्र वाटलं. पण आज एकदा तो मागच्याला सोडून आला होता, आणि ती मात्र पाऊण तास त्या दगडापाशी बंडीची वाट बघत थांबली होती. त्यानं बंडी घेतली. "तू बेकरीवाल्याच्या मागे राहा," तो पानाला म्हणाला, "मी शेवटी येतो." तो बंद बांधत असताना ती त्याच्या बाजूनं गेली आणि म्हणाली, "आता ओळखू येता." आणि काच खाली ओढून निघाली.

चौदा किलोमीटर त्याला ती दिसलीच नाही. समोर पाना, पानाच्या पुढे बेकरीवाल्याची रुंद पाठ, त्याच्या पुढे धूळ आणि ऊन. दर वळणाला तो मान लांब करायचा, आणि दर वळणाला ती नुकतीच निघून गेलेली असायची. घालवलं आपण, तो मनाशी म्हणत होता, आपल्या हातानं घालवलं. सायकलची तार तेवढी टिकून होती, पण बेकरीवाला भीतभीत, पायी चालल्यासारखा चालवत होता. पुढे शेवटच्या पाच किलोमीटरांत डोंगर उभा होतो आणि रस्त्याला घड्या पडतात: एक पट्टा डावीकडे, त्याच्या डोक्यावरचा पट्टा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पहिल्या घडीशी तो वर वळू लागला आणि त्यानं सहज वर बघितलं. ती वरच्या पट्ट्यावरून त्याच्या उलट दिशेनं येत होती. समोरून. काच वर केलेली, चेहरा उन्हात. तीस पावलांवर असताना हे कधी घडलंच नसतं. मध्ये दोन माणसं आली, म्हणून अंतर बरोबर एका पट्ट्याचं झालं होतं. सात वर्षांत त्यानं तिला चालत्या गाडीवर समोरून पाहिलं नव्हतं. भुवया जाड होत्या. ओठ मिटलेले होते. ती खाली त्याच्याकडेच बघत होती. आणि मग तिनं डावा हात मुठीवरून काढला आणि बोटं पसरून खाली सोडला, समोरून येणाऱ्या अनोळखी मोटरसायकलवाल्याला सगळे करतात तसा सलाम. भेटलो, चाललो, सांभाळून जा. त्यानं हात खाली केला. पुढच्या घडीला ती पुन्हा आली, पुन्हा हात. आणि त्याच्या पुढच्या घडीलाही. पाना वळून वळून मागे बघत होता, याला झालंय काय म्हणून. प्रत्येक वेळी चेहरा थोडा जास्त ओळखीचा होत होता. एका पट्ट्यावर ती हसली, अगदी सगळे दात दाखवून. एका पट्ट्यावर तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले आणि मग सलाम केला. घड्या संपत आल्यात हे त्याला ठाऊक होतं, तरी तो प्रत्येक वळणाआधीच हात खाली सोडून तयार राहत होता. शेवटच्या वळणाला वरचा पट्टा रिकामा होता. ती खिंडीत पोचली होती. त्यानं तरीही सलाम केला, आणि हात परत मुठीवर न आणता, खिंडीत थांबलेल्या सगळ्यांच्या देखत, एका हातानं गाडी चालवत वर आला.